किडा चिरडणे आणि बॅट फिरविणे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, भरतकामाचे नमुने येतात, एखादे तीर्थयात्रेचे वर्णन येते. यंदा संपादिकाबाई म्हणाल्या, "काहीतरी इतिहासाचे लिहा." जिजाबाईंवर आणि अहिल्याबाईंवर लिहिणाऱ्या जाणत्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. मी सातवी शिकलेली गृहिणी. त्यांच्या रांगेत बसण्याची माझी योग्यता नाही. माझ्याजवळ इतिहास म्हणावा असा एकच आहे आणि तो एका खेळाचा आहे. तोदेखील सबंध खेळाचा नव्हे. मुलींच्या हाती बॅट दिल्यावर ती फिरवावी कशी, हे त्यांना कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत शिकविले, एवढाच. खेळाचे नाव सॉफ्टबॉल.

हा नाद मला लागला तो धाकट्या मुलीमुळे. ती शाळेच्या संघात आहे. एका उन्हाळी शिबिरात तिथल्या शिक्षकांनी तिला तीन आज्ञा पाठ करविल्या : "कोपर वर! वरून खाली मार! मागच्या पायाने किडा चिरड!" पोर बिचारी तिन्ही करी आणि चेंडू पाठीमागे निघून जाई. आठव्या दिवशी तिने टोपी खुंटीला अडकविली आणि म्हणाली, "आई, मला नाही जमत. मी उद्यापासून जाणार नाही." आता, मुलीने खेळ सोडला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण जी मुलगी कधी कशाला नाही म्हणत नाही तिने असे म्हणावे, हे मनाला लागले. शब्द ऐकून पोरीचे अंग आखडते, तर ते शब्द आले कुठून, असे मी माझ्या भाच्याला विचारले. तो शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करतो. दिवाळीच्या सुटीत तो इंग्रजी पुस्तके व लेख घेऊन आला, फराळाचे डबे रिकामे करीत वाचून दाखवू लागला आणि मी वहीत उतरवू लागले. त्या वहीतलेच हे.

ज्या भगिनींनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. क्रिकेटसारखा चेंडू टप्पा खाऊन येत नाही, थेट येतो. आणि टाकणारी, म्हणजे पिचर, तो हात खालून झोकून कमरेजवळून सोडते. मारणारीने चेंडू मारून साठ साठ फुटांवरच्या चार बेसांना फेरी घालायची. चेंडूचा घेर बारा इंच. नाव 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ मुळीच नाही. घरातल्या खिडकीच्या काचेला ते चांगले ठाऊक आहे.

खेळाचा जन्म मौजेचा आहे. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही मंडळी येल आणि हार्वर्ड ह्या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. येल जिंकल्याची बातमी आली तेव्हा एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे फेकला, त्याने तो काठीने टोलविला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तोच हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर रेघा ओढल्या आणि खेळ सुरू झाला. छपराखालचा बेसबॉल म्हणूनच तो प्रथम ओळखला गेला. पुढे १८९५ त मिनीॲपोलिसच्या अग्निशामक दलातील लुईस रोबर ह्याने आपल्या माणसांना रिकाम्या वेळी व्यायाम म्हणून तो मोकळ्या जागेत आणला. 'सॉफ्टबॉल' हे नाव मिळाले १९२६ त, म्हणजे नामकरण व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली!

माझ्या कामाची नोंद मात्र निराळी आहे. शिकागोच्या वेस्ट डिव्हिजन हायस्कुलात मुलींचा पहिला संघ १८९५ त झाला, पण सामने खेळण्यासाठी त्यांना शिकवणारा मिळाला तो १८९९ त. चार वर्षे त्या पोरी आपापल्याच खेळल्या. त्या काळी बॅट त्या कशी फिरवीत असतील हे पाहायला मला फार आवडले असते. आपण लहानपणी विटीदांडू खेळलो तेव्हा कोपर कुठे ठेव, पाय कसा वळव, हे कोणी सांगितले होते? तरी विटी जायचीच.

पुढे शिकवणारे आले आणि त्यांत दोन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा खेळ सौम्य करणाऱ्यांची. ग्लॅडिस पामर ह्या ओहायोतील शिक्षिकेने १९२९ त मुलींसाठी व स्त्रियांसाठी बेसबॉलचे नियम वेगळे करून पुस्तक लिहिले. स्त्रियांना झेपेल असा खेळ द्यावा, हा त्यामागचा विचार. आज आपण त्याला नाक मुरडू, पण त्या काळी पुष्कळ शाळांत मुलींच्या हातात बॅट पडली ती अशा सोप्या केलेल्या खेळामुळेच, हेही खरे. दुसरी तऱ्हा, पुरुषांचे शिक्षण जसेच्या तसे मुलींना देणाऱ्यांची. १९३३ त शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॉफ्टबॉलची मोठी स्पर्धा झाली, त्यात पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांचेही सामने होते. दहा वर्षांनी, युद्धाच्या काळात, च्युइंगगम विकून श्रीमंत झालेल्या फिलिप रिगली ह्यांनी स्त्रियांचे व्यावसायिक संघ उभे केले. १९४३ त त्यांचा चेंडू बारा इंचीच होता आणि तो खालूनच टाकीत. पण वर्षावर्षाला चेंडू लहान होत गेला, १९४८ त हात खांद्यावरून येऊ लागला आणि १९५४ त शेवटच्या हंगामात चेंडू नऊ इंचांवर आला, म्हणजे पुरुषांचा बेसबॉलच झाला. त्या मुलींना घोट्यापर्यंत नव्हे, गुडघ्याच्याही वर असा झगा घालून खेळावे लागे. बेस गाठताना मातीवर घसरले की मांड्या सोलवटून निघत. पहिल्या वर्षी त्यांना चालण्याबोलण्याचे आणि नटण्याचेही धडे देत. बॅट फिरवायला शिकविणारे बहुतेक जुने पुरुष खेळाडू. १९५२ त फोर्ट वेनच्या संघाला तर जिमी फॉक्स हे नावाजलेले फलंदाज लाभले होते.

ह्यात वावगे काय, असे कोणी विचारील. वावगे एवढेच, की बेसबॉलचा चेंडू उंचवट्यावर उभ्या माणसाच्या डोक्यावरून खाली येतो आणि सॉफ्टबॉलचा कमरेजवळून सपाट येतो. जिथून चेंडू येतो तिथेच डोळा तयार होतो. ह्याचा पडताळा १९६१ त आला.

त्या वर्षी ऑगस्टात कनेटिकट राज्यातील वॉटरबरी गावी, आजारी मुलांच्या मदतीसाठी एक सामना ठेवला होता. पाहुणे होते टेड विल्यम्स, बेसबॉलच्या इतिहासातले एक थोर फलंदाज, नुकतेच निवृत्त झालेले. समोर चेंडू टाकायला होती जोन जॉइस, वय अवघे वीस. तिने टाकलेले चेंडू विल्यम्सना काही केल्या नीट लागेनात. एखाददुसरा निसटता लागला असेल, बाकी बॅट हवेतच फिरली. शेवटी त्यांनी बॅट टाकली आणि ते बाजूला झाले. पोरीने थोरामोठ्यांची खोड मोडली म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि मलाही ती त्यासाठी आवडतेच. पण तिचा दुसराही अर्थ आहे. विल्यम्सांचे अंग काही त्या दिवशी बॅट फिरवायचे विसरले नव्हते. त्यांचा डोळा दुसऱ्या चेंडूवर तयार झाला होता. सॉफ्टबॉलमध्ये 'राइज' म्हणून एक चेंडू टाकतात, तो वर चढतो असे मारणारीला वाटते. भौतिकशास्त्र जाणणारे सांगतात की तो खरोखर उसळी घेत नाही; उलटी फिरकी असल्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, एवढेच. डोळ्याने मनाशी जो हिशेब केलेला असतो, तो चुकतो.

वेळ किती मिळतो म्हणाल तर माझ्या सातवीच्या त्रैराशिकाने मी तो काढला. ताशी साठ मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. स्त्रियांच्या मोठ्या स्पर्धांत पिचरचे अंतर पूर्वी ४० फूट होते, आता ४३ आहे. त्यातले पाचसहा फूट ती पाऊल पुढे टाकूनच खाते. उरले ३७. म्हणजे चेंडू हातातून सुटल्यापासून अर्धा सेकंदही नाही, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा बॅट फिरायलाच हवा. आता एवढ्या वेळात एका पोरीने कोपर आठवायचे, खाली मारायचे आठवायचे आणि किडाही आठवायचा!

हेच टेड विल्यम्स १९७० च्या सुमारास पुस्तक लिहून बसले. 'सायन्स ऑफ हिटिंग' त्याचे नाव. त्यात एक चित्र आहे : मारण्याजोग्या जागेत सत्त्याहत्तर चेंडू रांगेने मांडलेले आणि प्रत्येकावर, तिथला चेंडू मारला तर यश किती, त्याचा आकडा. मारावा कोणता हे आधी शिका, मग मारावा कसा, असा त्यांचा क्रम. मारण्याविषयी त्यांचे म्हणणे दोन गोष्टींत सांगता येते. एक, कमर आधी वळते आणि हात तिच्यामागून येतात. दुसरी, चेंडू खाली येत असतो तर बॅट किंचित वर जाणारी हवी, म्हणजे दोघांची वाट जास्त वेळ एक राहते. "वरून खाली मार" म्हणणाऱ्यांना हे मानवले नाही. पुढे कॅन्सस सिटीचे शिक्षक चार्ली लाऊ ह्यांनी चित्रफिती पाहून पाहून दुसरे मत मांडले : अंगाचा भार मागून पुढे जाणे हे मुख्य. त्यांचे पुस्तक १९८० त आले. मग फिरणाऱ्यांचा एक पक्ष आणि पुढे जाणाऱ्यांचा एक पक्ष, अशी दोन घराणी झाली आणि आपल्याकडे गायनाच्या घराण्यांत चालते तशी भांडणे चालली. मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते; आधी पुढे, मग गिरकी.

ह्या भांडणाचा निकाल बोलण्याने लागला नाही, मोजण्याने लागला. १९९५ त अमेरिकेतील संशोधकांनी बेसबॉलच्या फलंदाजांच्या अंगावर खुणा चिकटवून, पायाखाली भार मोजणारे पाट ठेवून, बॅट फिरताना काय काय होते ते टिपले. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या १२३ टक्के जोर येतो. मग कमर सेकंदाला ७१४ अंश ह्या वेगाने फिरते, म्हणजे जवळजवळ दोन फेऱ्यांचा वेग. तिच्यामागून खांदे ९३७ अंशांनी. शेवटी बॅटचे टोक सेकंदाला ३१ मीटर. खालून वर प्रत्येक सांधा आधीच्यापेक्षा जास्त वेगाने. भाच्याने हे वाचले तेव्हा मी म्हटले, "अरे, हे तर धुणे आपटण्यासारखे!" दगडावर चादर आपटणारी बाई पाहा. पाय रोवते, कमर वळते, खांदा येतो, मग हात आणि सर्वांत शेवटी पिळ्याचे टोक. आणि आवाज होतो तो टोकाचा. नुसत्या हातांनी आपटणारीचे खांदे दुखतात आणि मळ निघत नाही.

आता त्या किड्याकडे पाहा. पुढच्या पायावर एवढा भार जातो, तर मागचा पाय हलका होणारच. चांगल्या खेळाडूंच्या चित्रफितीत मागच्या पायाचा नुसता अंगठा टेकलेला असतो, कधी पाऊल जमिनीपासून सुटलेलेही दिसते. तिथे किडा चिरडायला भार असतोच कुठे? उलट, किडा चिरडायचा म्हणून मूल भार मागेच ठेवते आणि जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरते. कोपराचेही तसेच. उभे राहताना ते वर असो की खाली, बॅट निघताना ते कुशीशी येतेच; वर धरून ठेवल्याने लहान मुलीचा खांदा तेवढा भरून येतो. आणि खाली मारण्याचे तर नवल असे, की मी वरून खाली मारतो असे छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या नावाजलेल्या फलंदाजांचीही बॅट चित्रफितीत चेंडूपाशी वर चाललेली दिसे. अंग एक करते आणि तोंड दुसरे सांगते. शिष्य तोंडाचे ऐकतात.

तरी त्या शब्दांना मी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. नुसत्या हातांनी बॅट ओढणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला कमर वळवायला लावायची, तर किड्याची युक्ती गमतीची आणि सोपी होती. पायरी म्हणून ठीक. लोकांनी तिचे घर केले.

मुलींचे स्वतःचे शास्त्र मात्र मुलींनीच उभे केले. सॉफ्टबॉलमध्ये डावखुऱ्या बाजूने उभे राहून, चेंडू येत असतानाच धावायला सुरुवात करायची आणि धावता धावता तो जमिनीवर टोलवायचा, अशी एक पद्धत आहे. तिला 'स्लॅप' म्हणतात. डावीकडून पहिला बेस दोन पावलांनी जवळ पडतो आणि साठ फूट काटक पोरीला कितीसे? अमेरिकेच्या नताशा वॉटली ह्यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकात तो जगाला दाखविला. पण हल्ली बारीक चणीची मुलगी दिसली की तिला डावीकडे उभी करून स्लॅपच शिकवायचे, असाही प्रघात पडू पाहतो. तो मला पसंत नाही. लहान मुलीने जोराने मारू नये असे कुठे लिहिले आहे? १९९६ त सॉफ्टबॉल प्रथमच ऑलिंपिकात आला, तेव्हा चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात चेंडू कुंपणापलीकडे घालवून सामना फिरविला तो डॉट रिचर्डसन ह्यांनी. त्या वेळी त्यांचे वय ३४ होते आणि हाडांच्या डॉक्टर होण्याचे त्यांचे शिक्षण चालले होते. सुवर्णपदक अमेरिकेला मिळाले. २००८ त बीजिंगला आणि टोकियोच्या स्पर्धेत, जी २०२१ त झाली, जपानच्या मुलींनी ते घेतले. मध्यंतरी हा खेळ ऑलिंपिकातून वगळला होता. २०२८ त लॉस एंजेलिसला तो पुन्हा घेण्याचे ठरले आहे.

आपल्या देशात सॉफ्टबॉलची संघटना १९६१ त जोधपूरला स्थापन झाली, म्हणजे जोन जॉइसने विल्यम्सना चकविले त्याच साली. महाराष्ट्रात जळगाव, अमरावती, पुणे अशा ठिकाणी शाळाकॉलेजांतून मुली हा खेळ हौसेने खेळतात. परंतु शिकविण्याचे शब्द बाहेरून आले ते जुनेच आले, आणि नवे मोजमाप त्यांच्यामागून अजून चालतच आहे.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. टोपी महिनाभर खुंटीवरच होती. मग शाळेत खेळाच्या नव्या ताई आल्या. त्यांनी तिला कोपराचे विचारले नाही की पायाचे. मैदानाच्या टोकाला कडुनिंब आहे, तो दाखवून त्या म्हणाल्या, "त्या झाडाच्या शेंड्यावरून घालव." पहिल्या दिवशी चेंडू झाडापर्यंत गेला नाही, पण बॅटवर लागला. चौथ्या दिवशी त्याने कडुनिंबाची पाने पाडली. ताईंना मी विचारले, "हे कसे?" त्या म्हणाल्या, "काकू, तिला अंग येतेच आहे. तिचे लक्ष अंगावरून काढायचे होते."

भाच्याला हे सांगितले, तर त्याने त्याचेही शास्त्र काढले. गॅब्रिएला वुल्फ ह्या बाईंनी १९९८ त आपल्या सहकाऱ्यांबरोबर प्रयोग करून दाखविले की, हालचाल शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या हातापायांकडे लावण्यापेक्षा त्या हालचालीने बाहेर काय घडते त्याकडे लावले, तर ती लवकर येते आणि टिकते. त्यानंतर निरनिराळ्या खेळांत हेच पुन्हा पुन्हा आढळले आहे. भगिनींनो, आपण मुलीला पोळी लाटायला शिकवितो तेव्हा "मनगट एवढे वळव" म्हणतो काय? "पोळी गोल फिरली पाहिजे, कडा पातळ झाली पाहिजे," एवढेच म्हणतो. मनगट आपले आपण शिकते.

आता ताईंचा क्रम असा आहे. आधी टीवर, म्हणजे कमरेइतक्या उंच दांड्यावर ठेवलेल्या चेंडूवर मारायचे. मग बाजूला बसून कोणी अलगद उडवून दिलेला. मग समोरून येणारा. बॅट तळव्यात घट्ट आवळायची नाही, बोटांत धरायची. पाऊल लहान टाकायचे, डोके हलू द्यायचे नाही. आतल्या बाजूचा चेंडू पुढे गाठायचा, बाहेरचा थोडा उशिरा, अंगाजवळ येऊ देऊन. एका दिवशी एकच गोष्ट. टी विकत महाग पडते, म्हणून भाच्याने ती घरीच केली : तेलाच्या डब्यात सिमेंट भरून त्यात प्लॅस्टिकचा नळ रोवला आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा खोचला. सहा महिने झाले, अजून शाबूत आहे.

अडचण बॅटींची आहे. शाळेच्या कपाटात होत्या त्या चौतीस इंची, मोठ्या मुलींच्या. बारा वर्षांच्या मुलीने ती उचलली की टोक खाली लोंबते. ते सावरण्यासाठी ती हातांनीच ओढू लागते आणि कमर राहते मागे. कोणतीही आज्ञा त्यावर चालत नाही. गेल्या पावसाळ्यात पालकांनी वर्गणी काढून एकोणतीस इंची हलक्या दोन बॅटी घेतल्या. मुली अकरा आहेत, पाळीपाळीने वापरतात.